झेरॉक्स मशीनच्या फ्यूजरला १२० अंशांवर धरून ठेवायचंय, साधा कंट्रोलर सुचवा

मंगलाष्टकवाला (इंदूर)

मंडळी, नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही, छपाईचा आहे. लोकमान्य नगरात लहानसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नामुंजीच्या पत्रिका, मंगलाष्टकं, साठीशांतीची निमंत्रणं, असली कामं. मीटर धरता येतो, डाग देता येतो, घरचा मिक्सर नि इस्त्री मीच उघडतो. त्यापलीकडे माझी मजल नाही, तेव्हा उत्तर त्या बेतानं द्या.

काम काय ते सांगतो. पत्रिकेवर गणपती आणि वधूवरांची नावं सोनेरी हवीत, ही आता प्रत्येक घरची फर्माइश आहे. ब्लॉक काढून हॉट स्टँपिंग करावं तर पन्नास पत्रिकांच्या ऑर्डरला ब्लॉकचाच खर्च झेपत नाही. टोनर फॉइल स्वस्तात पडतं. लेझरवर काळ्यात छापायचं, वर फॉइल अंथरायचं आणि गरम रोलरांतून काढायचं. टोनर मऊ पडतो, फॉइलचा रंग त्याला धरतो, कोऱ्या कागदाला काही लागत नाही. गार झाल्यावर वरची फिल्म सोलली की झालं. (इंकजेटच्या प्रिंटवर होत नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आजवर हे मी आयकार्डाच्या लॅमिनेटरवर करत आलो. त्याची उष्णता पुरते, पण दाब पुरत नाही. साध्या आर्ट कार्डावर ठीक उतरतं, पण ३०० जीएसएमचं दाणेदार कार्ड घेतलं की अक्षरांत भोकं राहतात. रोमन लिपीत ते खपून जात असेल; आपल्या जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत खपत नाही. ‘श्री’ सोनेरी आणि ‘प्रसन्न’ चितकबरं, अशी पत्रिका मुलीच्या बापाच्या हातात कशी ठेवणार?

सिल्वर मॉलमागच्या एका भंगारवाल्याकडे ए३ झेरॉक्स मशीन मोडत होते, त्यातलं फ्यूजर युनिट (टोनर तापवून कागदावर पक्का करतो तो भाग) अख्खं उचलून आणलं. वरचा रोलर अॅल्युमिनियमचा, त्यावर टेफ्लॉन, खालचा रबरी. दोन्ही बाजूंना अशा दणकट स्प्रिंगा आहेत की बोट सापडलं तर सुटायचं नाही. हाच दाब मला हवा होता. वरच्या रोलरच्या पोटात काचेच्या नळीचे दोन लांब दिवे आहेत. रोलरला टेकलेल्या दोन पत्र्याच्या पट्ट्या आहेत, एक मधोमध आणि एक कडेला, प्रत्येकीच्या टोकाला पिवळ्या टेपखाली मोहरीएवढा मणी. शिवाय रोलरपासून किंचित अंतरावर बसवलेली एक गोल बटणासारखी डबी.

आता शंका. दिव्यांचा रेझिस्टन्स मीटरवर ६ ओमच्या आसपास दिसतो. २३० व्होल्टला ६ ओम म्हणजे ३८ अँपिअर! दिवे शॉर्ट आहेत का? मण्यांचा रेझिस्टन्स दुपारी, खोलीत ३० अंश असताना, ३२० किलोओम आहे आणि हातात धरला की उतरत जातो. त्यावरून १२० अंश कसे ओळखायचे?

राणीपुऱ्यातल्या एका दुकानदारानं गीझरचा थर्मोस्टॅट लावा म्हटलं, दुसऱ्यानं फ्रीजवाला एसटीसी-१००० दाखवला. आर्डुइनो वगैरे प्रोग्रॅम लिहायचे बोर्ड नकोत. माझ्या गैरहजेरीत दुकानात बसणाऱ्या मुलाला एक नॉब आणि एक लाल दिवा, एवढंच दिसलं पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की श्वास घ्यायला फुरसत नसते, त्याआधी हे उभं करायचंय.


टोनरवाला

भिया, पहिले एक गोष्ट बरी झाली. तुम्हाला दिवेवालं फ्यूजर मिळालं. लोक एचपी १०२० किंवा कॅनन २९०० चं फ्यूजर उचलून आणतात. त्यात दिवा नसतो, सिरॅमिकची पट्टी असते आणि तिच्यावर पातळ फिल्मची नळी फिरते. पट्टी सेकंदांत तापते. फिल्म फिरायची थांबली की जळलीच. हळूहळू चालवायच्या कामाला ते युनिट नाही. तुमचा जाड रोलर उष्णता धरून ठेवतो, तेच पाहिजे.

ती गोल डबी म्हणजे थर्मोस्टॅट, दिव्यांच्या लाइनमध्ये सीरीजला असते. सगळं फेल झालं तर शेवटी तीच लाइन तोडते. ती बायपास करायची नाही. तिचं रोलरपासूनचं अंतरही बदलायचं नाही, त्या अंतरावरच तिचा हिशेब बसवलेला असतो.

दिव्याच्या काचेला हात लावू नका. लागला असेल तर स्पिरिटनं पुसा. बोटाच्या तेलाचा डाग तापला की काच तिथंच पांढरी पडते आणि फुटते. दिव्याच्या टोकांना डाग देऊन वायर जोडायची नाही. तिथं इतकी उष्णता असते की डाग वितळून वायर गळून पडेल. लग दाबून बसवा, वर फायबरग्लासची स्लीव्ह. वायरही इस्त्रीची घ्या, साधी पीव्हीसी नको.


पीथमपूर_निवृत्त

मी पीथमपूरला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होतो, आता सुदामा नगरात घरीच असतो. प्रश्न नीट मांडलात, मोजमापंही दिलीत, त्यामुळे उत्तर द्यायला बरं वाटतं. नाहीतर लोक ‘चालत नाही, काय करू’ एवढंच लिहितात.

दिवे शॉर्ट नाहीत. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच असतो. ६०० वॅटचा दिवा पेटल्यावर ८८ ओम असतो, थंडीत ६. म्हणजे चालू करताना क्षणभर खरोखरच तीस-चाळीस अँपिअर ओढतो. जुन्या मशीनचं फ्यूजर तापायला लागलं की खोलीतला दिवा मान टाकतो, तो याचमुळे. म्हणून गीझरचा थर्मोस्टॅट नको, त्याच्या पॉइंटांवर दर वेळी हा झटका बसेल. शिवाय तो पाण्यासाठी बनवलेला, त्याची धाव १२० पर्यंत नाही. एसटीसी-१००० तर ९९ अंशांना संपतो.

तयार पीआयडी कंट्रोलर (ठरलेल्या अंशाजवळ जाताना उष्णता आपोआप कमीजास्त करणारा) घेता येतो, रेक्स-सी१०० सारखा. घेताना मॉडेलची पुढची अक्षरं वाचा: एफके०२-एम म्हणजे आत रिले, एफके०२-व्ही म्हणजे एसएसआर (हलते पॉइंट नसलेली इलेक्ट्रॉनिक रिले) चालवणारा. तुम्हाला ‘व्ही’ लागेल. पण त्याला के-टाइप थर्मोकपल किंवा पीटी१०० असला ठरावीक सेन्सर लागतो, तुमचा मणी त्याला कळत नाही. फिरत्या रोलरला थर्मोकपल टेकवून ठेवायचं ही वेगळीच डोकेदुखी. मशीन बनवणाऱ्यानं स्प्रिंगपट्टीवर अचूक बसवलेला सेन्सर तुमच्याजवळ आहे, तो टाकून देऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर त्याच्यावरच केलं असतं.

मण्याला थर्मिस्टर म्हणतात. उष्णता वाढली की रेझिस्टन्स उतरतो. एक बिंदू तुमच्याकडे आहे: ३० अंशांना ३२० के. दुसरा उकळत्या पाण्याचा घ्या. थर्मिस्टर सरळ पाण्यात बुडवू नका, मीटर पाण्याचाच रेझिस्टन्स दाखवेल. परीक्षानळीत थोडं गोडं तेल घ्या, त्यात मणी सोडा आणि नळी खळखळत्या पाण्यात उभी धरा. आकडा स्थिर झाला की लिहून घ्या. मात्र तो १०० अंशांचा धरू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, आपल्याकडे पाणी ९८ लाच उकळतं. दोन अंशांनी जग बुडत नाही, पण पुढचं सगळं गणित त्याच पायावर उभं राहणार आहे.

तो आकडा इथं टाका, पुढचं मी काढून देतो.


मंगलाष्टकवाला (इंदूर)

काका, आभार. बायकोनं तेलाची परीक्षानळी दुधाच्या पातेल्यात पाहिली आणि पातेलं मला कायमचं बक्षीस मिळालं. आकडा २७ किलोओम.


पीथमपूर_निवृत्त

उत्तम. या दोन बिंदूंवरून बीटा (उष्णतेनं रेझिस्टन्स किती वेगानं उतरतो त्याचा आकडा) ४०९० च्या आसपास येतो. त्या वर्गातल्या थर्मिस्टरांचा असाच असतो, म्हणजे मोजणी बरी झाली आहे. सूत्र हवं असेल तर: दोन रेझिस्टन्सच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग, भागिले दोन तापमानांच्या व्यस्तांमधला फरक. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, अंशांत २७३ मिळवून. त्यावरून ११० अंशांना १९ के, १२० ला १४.५ के, १३० ला ११.२५ के, १५० ला ७ के.

आता सर्किट. पार्ट जेल रोडला मिळून जातील, एकाच दुकानात नसतील तर शेजारच्यात. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि त्यावर ७८०५ रेग्युलेटर लावून स्वच्छ ५ व्होल्ट. पाच व्होल्टवरून १५ के रेझिस्टर, त्याखाली थर्मिस्टर, त्याखाली ग्राउंड. मधल्या सांध्यावर १२० अंशांना बरोबर निम्मे, अडीच व्होल्ट मिळतात. १५ के घेतला तो याचसाठी: काम जिथं करायचं तिथं सांधा मधोमध असला की एका अंशाला तीसेक मिलिव्होल्टचा फरक पडतो, तो ओळखणं सोपं जातं.

नॉब असा: ५ व्होल्टवरून ५.६ के, मग ५ के चा पॉट (नॉबनं फिरणारा रेझिस्टर), मग ४.७ के ग्राउंडला. नॉबच्या एका टोकाला १०० अंश, दुसऱ्या टोकाला १५० च्या जरा वर. दुकानातल्या मुलानं कसाही फिरवला तरी त्यापलीकडे जाणार नाही.

एलएम३९३ घ्या, आत दोन कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे भाग) असतात. पहिल्याच्या २ नंबरच्या पायावर थर्मिस्टरचा सांधा, ३ वर पॉटचा मधला पाय. रोलर थंड असेल तर २ चा व्होल्टेज ३ पेक्षा जास्त, तेव्हा १ नंबरचा पाय ग्राउंडकडे ओढतो. १२ व्होल्ट, १.२ के रेझिस्टर, लाल एलईडी, एमओसी३०६३ या ऑप्टोकपलरचा (मेनशी वायर न जोडता उजेडानं इशारा देणारी आयसी) आतला एलईडी आणि मग हा १ नंबर, अशी सरळ साखळी. लाल दिवा लागला म्हणजे हीटर चालू. १ आणि ३ मध्ये ४७० के जोडा, त्यानं दोनेक अंशांचं अंतर पडतं. ते नसेल तर १२० च्या आसपास दिवा फडफडत बसेल.

एमओसी३०६३ च घ्या, ३०२१ नको. ३०६३ मेनचा व्होल्टेज शून्यातून जाताना चालू होतो, त्यामुळे थंड तारेला पहिला झटका शिखरावर बसत नाही. पुढे बीटीए१६-६००, हा मेन चालू-बंद करणारा ट्रायॅक; त्याचे पाय एमटी१, एमटी२ आणि गेट. दुकानदार बीटीबी देईल, ‘एकच आहे’ म्हणेल. एक नाही. बीटीएची धातूची पाठ आतून इन्सुलेटेड असते. बीटीबीच्या पाठीवर मेन असतो आणि हीटसिंकला हात लागला तर समजतं. एमओसीच्या ६ व्या पायापासून एमटी२ ला ३६० ओम, ४ था पाय गेटला, गेट ते एमटी१ मध्ये ३३० ओम. दोन्ही अर्ध्या वॅटचे.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. दोन्ही दिवे पॅरलल लावू नका, सीरीजमध्ये लावा. अर्ध्या व्होल्टेजला वॅटेज साधारण एक तृतीयांश राहतं. तुम्हाला मिनिटाला तीस कॉप्या काढायच्या नाहीत, दोन दिव्यांचे मिळून चारशे वॅट पुष्कळ झाले. पूर्ण ताकद दिली तर थर्मिस्टरला खबर पोचेपर्यंत रोलर वीस अंश पुढे निघून जाईल. साधा ऑन-ऑफ कंट्रोलर यशस्वी करायचा तर हीटर कामापुरताच ठेवावा. मग पीआयडी न लावताही भागतं. आमच्याकडे नव्या पोरांना हे पटायला वेळ लागायचा.


धनश्री_ईसी

काका, सर्किट फार छान आहे. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. दादा, तुम्ही आर्डुइनो नको म्हटलंत, तर मी आग्रह करत नाही. (मनातून करते आहे.)

दोन गोष्टी सांगते. पहिली, आयसीला सप्लाय १२ व्होल्टचाच द्या. एलएम३९३ ला ५ व्होल्ट दिले तर त्याला ३.५ व्होल्टच्या वरची तुलना नीट करता येत नाही, आणि थंड रोलरचा सांधा ४.८ च्या आसपास असतो. पहिल्या कंपॅरेटरचं निभावेल, कारण त्याचा दुसरा पाय खालीच असतो. पण पुढे मी सांगते आहे त्याचं निभावणार नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. थर्मिस्टरची वायर तुटली तर? सांधा सरळ ५ व्होल्टला जातो. सर्किट समजतं, रोलर बर्फासारखा गार आहे, आणि हीटर चालूच ठेवतं. मग सगळी भिस्त त्या गोल डबीवर. म्हणून दुसरा कंपॅरेटर ‘वायर तुटली का’ यासाठी वापरायचा. ५ व्होल्टवरून १ के आणि ग्राउंडला १०० के लावले की ४.९५ व्होल्ट मिळतात. तो ५ नंबरच्या पायावर, सांधा ६ वर. डिसेंबरात पहाटे दुकानात १० अंश असले तरी थर्मिस्टर ८३० के च्या आसपास, म्हणजे सांधा ४.९१. तुटली तर ५.००. फरक थोडा आहे, पण पुरतो. काकांनी १५ के घेतल्यामुळेच पुरतो, ४.७ के असता तर ओळखू आला नसता.


पीथमपूर_निवृत्त

धनश्री अगदी बरोबर सांगते आहे. फक्त त्या ७ नंबरच्या पायानं एमओसीचा एलईडी विझवू नका. ट्रायॅक मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, मग एलईडी विझवून काय उपयोग? मेनच्या लाइनमध्ये एक १२ व्होल्टची शुगर क्यूब रिले घाला. बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला १२ व्होल्टवरून ४.७ के, कलेक्टरला रिलेची कॉइल, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. ७ नंबर त्या बेसला जोडा. सगळं ठीक असेल तर रिले ओढलेली. वायर तुटली, अॅडॉप्टर गेला, काहीही झालं की रिले सुटते आणि मेन तुटतो. रिले रोज झटके खात नाही, तिचं काम फक्त पहाऱ्याचं.


धनश्री_ईसी

हे मस्त. मग ३९३ ऐवजी एलएम३३९ घ्या ना, चार कंपॅरेटर मिळतात. (पायांचे नंबर बदलतील, डेटाशीट पाहून जोडा.) दादांकडे कडेचा दुसरा थर्मिस्टर रिकामा आहे. तोही तसाच १५ के वर घ्यायचा. १५० अंशांना त्याचा सांधा १.६ व्होल्टला येतो. त्याखाली गेला की तिसरा कंपॅरेटर तीच रिले सोडेल. चौथा, या दुसऱ्याची वायर तुटली तर. ३३९ चे आउटपुट ओपन कलेक्टर असतात (फक्त ग्राउंडकडे ओढतात, वर ढकलत नाहीत), म्हणून तिन्ही एकाच बेसला सरळ जोडले तरी चालतात.

हे का? मधल्या थर्मिस्टरची पट्टी वाकून रोलरपासून सुटली, तर वायर तुटलेली नसते, पण त्याला रोलर प्रत्यक्षापेक्षा थंड भासतो. ते पहिल्या दोघांना कळणार नाही, दुसऱ्या थर्मिस्टरलाच कळेल. फक्त मग नॉब १४० च्या वर नेऊ नका, नाहीतर रिले कामाच्या मधेच सुटेल.


टोनरवाला

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं झालं असेल तर मशीनचं बोलू? रोलर फिरता नसेल तर हीटर लावायचाच नाही. उभ्या रोलरला खालून रबर दाबून असतं, तापल्यावर त्याला तिथं चपटं पडायला वेळ लागत नाही. मग प्रत्येक फेऱ्यात एकदा फॉइल सुटेल आणि तुम्ही सर्किटला शिव्या द्याल. मोटर आधी, हीटर नंतर. बंद करताना उलटं: हीटर बंद, रोलर ८० च्या खाली येईपर्यंत मोटर चालू. रात्री जाताना स्प्रिंगांचे लिव्हर ढिले करा.

१२ व्होल्टची गिअरवाली डीसी मोटर घ्या. रोलर ४० मिमीचा असेल तर एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर कार्ड जातं. मिनिटाला चार-पाच फेरे बस झाले. तिचा अॅडॉप्टर मात्र वेगळा ठेवा.

वरच्या रोलरला टेकलेली नखं असतात, कागद सोडवायची. ती काढून टाका. फॉइलमध्ये अडकतात, टेफ्लॉनवर रेघ पडते, आणि एकदा रेघ पडली की ती प्रत्येक पत्रिकेवर छापली जाते.


पीथमपूर_निवृत्त

पहिल्यांदा फ्यूजर जोडूच नका. दिव्यांच्या जागी ६० वॅटचा साधा बल्ब लावा. थर्मिस्टरजवळ सोल्डरिंग आयर्न न्या, बल्ब विझला पाहिजे. लांब न्या, लागला पाहिजे. एक वायर उपटा, रिले टक करून सुटली पाहिजे. दोन्ही थर्मिस्टरांचं हे करून पाहा. फ्यूजरची चौकट अर्थिंगला जोडा आणि ते अर्थिंग खरंच जमिनीत जातं का हेही तपासा. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. मेनला ५ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. थर्मिस्टरच्या वायरी दिव्यांच्या वायरींपासून लांबून न्या.


मंगलाष्टकवाला (इंदूर)

झालं उभं. काका, धनश्री, टोनरवाले भिया, तिघांनाही पत्रिका फुकट, घरात कार्य निघू द्या फक्त.

झीरो बोर्डवर बांधलं, ३३९ वालं. बल्ब लावून सगळं पाहिलं. रिलेचा टक ऐकायला इतकं बरं वाटलं की मुलानं वायर उपटायचा खेळच केला. जेल रोडला मला बीटीबीच दिला होता, काकांनी सांगितलं तसाच, ‘एकच आहे’ म्हणून. परत केला.

सीरीजमध्ये दिवे नारिंगी जळतात, पांढरे नाही. तापायला चारपाच मिनिटं लागतात, ती मला चालतात. तेवढ्यात फॉइल कापून होतं. मीटरचं के-टाइप रोलरला टेकवून पाहिलं. नॉब १२० वर ठेवला की पहिल्यांदा १३० च्या जवळ जातो, मग ११७ ते १२४ मध्ये खालीवर करतो. आर्ट कार्डाला ११५ पुरतात. दाणेदार कार्डाला १२८ वर ठेवलं तर वेलांट्यासुद्धा भरून येतात. १३५ च्या पुढे कोऱ्या जागेवरही सोनं धरायला लागतं, धुरकट डागासारखं, म्हणून नॉबवर तिथं लाल रेघ मारली आहे.

एकच राहिलं. ए३ चा पूर्ण पन्हा घातला की डाव्या कडेला, दोन बोटं रुंदीत, फॉइल कमी धरतं. मध्ये आणि उजवीकडे झकास. दाब दोन्हीकडे सारखा वाटतो. डावीकडेच का?


टोनरवाला

गिअर कुठल्या बाजूला आहे?


मंगलाष्टकवाला (इंदूर)

डावीकडे.


टोनरवाला

तेच. गिअर आणि त्या बाजूची बेअरिंग उष्णता ओढून घेतात. मशीनमध्ये पूर्ण ताकदीचे दिवे ते भरून काढतात, तुम्ही ताकद कमी केली. लाल दिवा पहिल्यांदा विझल्यावर लगेच कार्ड घालू नका. पाच मिनिटं रिकामा फिरू द्या, कडाही तापतील. आणि युनिटवर पत्र्याचं झाकण होतं ते काढून ठेवलं असेल तर परत लावा.


पीथमपूर_निवृत्त

शिवाय तुमचे दोन दिवे सारखे नसावेत. एक मध्यावर जास्त उष्णता देतो, दुसरा कडांना. सीरीजमध्ये ज्याचं वॅटेज कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येतो. दोन्हींचा थंड रेझिस्टन्स परत नीट मोजून सांगा, आणि प्रत्येकाच्या टोकावर वॅटेज छापलं असेल तर तेही. एवढं करूनही कड गारच राहिली तर पत्रिका रोलरच्या उजवीकडून घाला. ए३ सोडलं तर तुम्हाला पूर्ण पन्हा लागतो कुठे?


मंगलाष्टकवाला (इंदूर)

एकावर ६५०, दुसऱ्यावर ५५० वॅट. झाकण लावलं, पाच मिनिटं रिकामा फिरवला, डावी कड अर्ध्या बोटावर आली. तेवढी कटिंगमध्ये जाते.